आधी तजवीज, मग पसारा

चहाचा कप हातात आला की माणूस काय करतो? पितो. बशीरभाई तुंगेकर आधी तो कप टाकायचा कुठे ते बघतात. टपरीच्या आसपास कचऱ्याचा डबा दिसेपर्यंत पहिला घोट नाही. एकदा डबा दिसलाच नाही, तर या गृहस्थांनी चहा संपवून कागदी कपाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि ऑफिसात येऊन माझ्या टेबलाखालच्या डब्यात टाकली.

"अहो, माझाच डबा का?" मी म्हटलं.

"ताई, हा रोज रिकामा होतो. मी बघून ठेवलंय."

आता बोला! मी पडले बिलिंगमधली बाई. पळस्प्याच्या पुढे आमच्या कंपनीचं कंटेनर यार्ड आहे. ट्रक येतात, काट्यावर उभे राहतात, वजन होतं, आणि त्या वजनांवरून मी बिलं काढते. बशीरभाई आमचे सिस्टिमचे साहेब. उमेदीची सगळी वर्षं मस्कतच्या बंदरात कॉम्प्युटर सांभाळण्यात घालवून पनवेलला परत आलेले. पांढरी आखूड दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि तोंडात एकच मंत्र : आधी तजवीज, मग पसारा. म्हणजे कुठलंही काम काढण्याआधी ते आवरायची सोय लावा, मग खुशाल पसरा.

संध्याकाळी निघताना त्यांचं टेबल इतकं कोरं असतं की दोनदा आमच्या एचआरनं ती जागा रिकामी समजून नवीन माणसाला देऊन टाकली. दुसऱ्या वेळी तर बिचाऱ्यांनी नव्या माणसाला स्वतःच खुर्ची पुसून दिली आणि आपण स्टूल घेऊन बसले. ईदला शिरखुर्म्याचा डबा आणतात तेव्हा डबा रिकामा होईपर्यंत दारात उभे. "आत या" म्हटलं तर "नको, डबा घेऊनच जातो." घाईघाईत खाऊन, डबा विसळून त्यांच्या हातात द्यायचा. असा उभ्या उभ्या शिरखुर्मा मी आयुष्यात दुसऱ्या कोणासाठी खाल्लेला नाही. आणि कुणाच्याही घरातून निघताना दारात वळून एकदा सगळीकडे नजर फिरवणार आणि विचारणार, "माझं काही राहिलं नाही ना?"

आमच्या घरी गणपतीला आले होते तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "राहिलं तर राहू दे की! त्या निमित्तानं परत याल." त्यावर बशीरभाई इतके गोंधळले की निरोप न घेताच जिना उतरले.

विधुर माणूस. बायको रुकय्याभाभी जाऊन तीन वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी नाझनीन लग्न होऊन पुण्यात, आणि आई गेली तेव्हा येऊन गेली, त्यानंतर तिनं पनवेलच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. एवढं ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. फोन आला की बशीरभाई बाहेर जाऊन बोलायचे आणि लगेच परत यायचे. "कशी आहे नाझनीन?" विचारलं की "मजेत" म्हणायचे, आणि चष्मा पुसायला घ्यायचे.

तर त्यांच्या त्या मंत्राचा अर्थ मला कळला तो कांद्यामुळे.

आमच्याकडे कुणाल पाटील नावाचा सॉफ्टवेअरवाला आला. हुशार, पण उंटावरून शेळ्या हाकणारा. त्यानं बिलांसाठी एक स्क्रिप्ट लिहिली. बटण दाबलं की काट्यावरची वजनं एका तात्पुरत्या फाइलमध्ये गोळा होणार, तिथं त्यांची जुळवाजुळव होणार, आणि बिल बाहेर. आम्ही टाळ्या वाजवल्या. एका सकाळी मी ती माझ्या टेबलावरून चालवली आणि त्याच मिनिटाला काट्यावरच्या भोईरदादांनीही चालवली. तासाभरात लासलगावच्या व्यापाऱ्याचा फोन.

"बाई, माझा कांदा काय दगडाचा होता काय हो?"

बघते तर त्याच्या कांद्याच्या बिलात राजस्थानच्या संगमरवराचं वजन! आणि संगमरवरवाल्याचा सगळा माल कांद्याएवढा हलका. मी कपाळाला हात लावला. भोईरदादा काट्यावरून तरातरा आले, "मी काय नाय केलं! आमी फक्त बटण दाबला!"

बशीरभाईंनी स्क्रिप्ट उघडली, एक ओळ वाचली आणि कुणालला म्हणाले, "चल, फ्रिजकडे."

आमच्या ऑफिसचा फ्रिज ही एक बघण्यासारखी चीज आहे. अर्धं ऑफिस म्हात्रे आणि उरलेलं पाटील. त्यामुळे आत डबे असतात ते असे : म्हात्रे, म्हात्रे, पाटील, म्हात्रे, पाटील. रोज कोणीतरी कोणाची तरी सुक्या बोंबलाची चटणी खातं आणि रोज भांडण होतं. बशीरभाईंनी दार उघडून दाखवलं.

"ही सामायिक जागा. तुझी स्क्रिप्ट इथं डबा ठेवते. नाव काय ठेवलंस? 'बिल'. ताईंच्या स्क्रिप्टनं ठेवला तोही 'बिल', भोईरदादांच्यानं ठेवला तोही 'बिल'. एकाच डब्यात दोघांचं जेवण. मग कांद्यात संगमरवर सापडणारच."

"मग नावापुढे स्क्रिप्टचा चालू नंबर लावतो," कुणाल म्हणाला.

"म्हणजे 'पाटील-दोन'. तो नंबर मशीनवर कोणालाही दिसतो. ज्याला खोडी काढायची तो आधीच त्या नावाचा डबा ठेवून बसेल, आणि तू निमूटपणे त्याच्या डब्यात आपलं वाढशील. नाव असं पाहिजे की कोणाला अंदाज येता कामा नये."

"आधी बघेन ना, त्या नावाचा डबा आहे का."

"बघशील, दार लावशील, डबा आणायला जाशील. तेवढ्यात तिसरा ठेवून जाईल. बघणं आणि ठेवणं एका झटक्यात झालं पाहिजे, मधे फट नको. त्यासाठी एमकेटेम्प नावाची कमांड आहे. ती स्वतः आडनिडं नाव शोधते, त्याच क्षणी जागा अडवते, आणि कुलूप असं लावते की ज्याची जागा त्यालाच उघडता यावी."

मी तिथं आपली ताक प्यायला म्हणून उभी होते. पण खरं सांगते, या माणसानं मला शाळेत गणित शिकवलं असतं तर मी आज बिलं करत बसले नसते.

कुणालनं लगेच ती कमांड घातली. त्याच्या मशीनवर चालली, काट्यावर नाही. कारण आमच्याकडे तीन तऱ्हेची मशीनं, आणि बशीरभाईंनी तिघांची बारशी केलेली. मोठा सर्व्हर तो 'शेठ'. काट्यावरचं जुनं युनिक्सचं धूड ते 'बडे मियाँ'. आणि मालकांचा तो चकचकीत मॅक म्हणजे 'जावईबापू', कारण दिसायला देखणा आणि प्रत्येक गोष्ट त्याच्या पद्धतीनंच झाली पाहिजे.

"प्रत्येक घरची रीत वेगळी," बशीरभाई म्हणाले. "शेठला नुसतं सांगितलं तरी चालतं. जावईबापूंना नावाचा नमुना पूर्ण लिहून द्यावा, शेवटी आडनिड्या अक्षरांच्या जागी एक्स-एक्स-एक्स जरा सढळ हातानं, म्हणजे कुरकुर नाही. बडे मियाँना ही कमांड ठाऊकच नाही. त्यांच्याकडे आधी दुसऱ्यांचे हक्क बंद करायचे आणि मग एमकेडिरनं फोल्डर मागायचं. एमकेडिर फार सच्ची कमांड आहे. त्या नावाचं काही आधीच असेल तर तोंडावर 'नाही' म्हणते. आणि 'नाही' म्हणाली तर आपण गुमान थांबायचं, पुढं रेटायचं नाही."

"झालं?" कुणाल वैतागला होता.

"अजून तजवीज कुठं झाली? फोल्डर करायच्या आधी पुसायची ओळ लिही. ट्रॅप लाव. काम संपलं तरी पुसलं जाईल, कोणी मधेच बंद केलं तरी पुसलं जाईल. फक्त पुसताना नाव तपास. नाव रिकामं राहिलं तर भलतंच पुसशील, आणि पुसलेलं परत येत नाही."

"म्हणजे काहीही झालं तरी मागे काही राहणार नाही?"

बशीरभाई फ्रिजचं दार लावता लावता थांबले. "नऊ नंबरचा सिग्नल आला तर राहतं. तो चालतं काम जागच्या जागी मारतो, सांगून येत नाही. त्याला ट्रॅप लागत नाही."

"मग त्याला काय करायचं?"

"काही नाही. मागं राहतं ते राहतं," ते म्हणाले आणि काट्याकडे निघून गेले.

त्या दिवसापासून बिलं सुतासारखी सरळ झाली. पण आमच्या ऑफिसला सरळ काही पचत नाही. महिन्याभरात नवीनच कुजबुज सुरू झाली, आणि ती आणली भोईरदादांनी. दादा विचुंब्याचे. एक दिवस माझ्या टेबलाशी वाकून म्हणाले, "ताई, तुमचा बशीरभाय हाय ना, दर शुक्रवारी नमाज झाली का आमच्या गावात येतो. नवीन बिल्डिंगीत खाली एक खोली हाय, तिचा कुलूप खोलतो, आत जातो, दार लावून घेतो."

"एकटेच?"

"जाताना तरी एकटाच. हातात झाडू. कदी कदी फुलं."

झालं! जेवणाच्या सुट्टीपर्यंत बशीरभाईंची दुसरी बायको ठरली. चहापर्यंत ती पस्तिशीची झाली आणि पाच वाजेपर्यंत तिला एक मूलही झालं. मी सगळ्यांना झापलं. पण माझ्या पोटात काही राहात नाही, हे माझ्या नवऱ्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी सरळ जाऊन विचारलं, "बशीरभाई, विचुंब्याला कोण आहे?"

त्यांचा चेहरा पडला. "कोणी नाही, ताई. जागा आहे."

"कसली जागा?"

"तात्पुरती," ते म्हणाले आणि पुसलेलं टेबल परत पुसायला लागले. मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली यावरून त्यांचा चेहरा कसा झाला असेल ते समजून घ्या.

आणि मग नाझनीन आली. घरी नव्हे, यार्डात. नवऱ्याची बदली ऑस्ट्रेलियाला झाली होती, दुसऱ्या दिवशी विमान होतं. निळा कुर्ता, डोळे थेट बापाचे. बशीरभाई गेटपर्यंत जवळजवळ पळत गेले. मी पाणी घेऊन गेले तेव्हा दोघं वॉचमनच्या केबिनबाहेर उभी होती आणि बशीरभाई सांगत होते, "घरी चल ना बेटा. तांदळाचे पोळे करतो, तुला आवडतात तसे. रात्रभर राहा, सकाळी मी सोडतो."

"नको अब्बा. इथंच भेटले ना. त्या घरात काय आहे?"

बशीरभाई चष्मा पुसायला लागले. ती माझ्याकडे वळली. परक्या माणसाजवळ कधी कधी जास्त बोललं जातं. "काकी, अम्मी गेली तेव्हा मी कामानिमित्त बंगलोरला होते. मिळेल त्या विमानानं आले, तोवर दफन झालेलं. जरा सावरले आणि तिच्या खोलीत गेले. खोली रिकामी! कपाट रिकामं, शिलाई मशीन नाही, चष्मा नाही, एक ओढणीसुद्धा नाही. चार दिवस झाले नव्हते हो! मी विचारलं, अम्मीचं सामान कुठंय? तर हे मला म्हणतात, 'बेटा, चहा घेतेस?'"

"अगं पण..." बशीरभाई पुटपुटले.

"वाटून टाकलंत ना सगळं? द्यायचं असतं, मला माहीत आहे. पण मला विचारून द्यायचंत. माझी आई होती ती."

माझ्या डोक्यात विचुंबं, शुक्रवार, झाडू, फुलं सगळं एकदम एका जागी आलं. आणि असा संताप आला म्हणता! हा माणूस त्या 'नाही' म्हणणाऱ्या एमकेडिरचे गोडवे गातो आणि स्वतः तीन वर्षं मुलीपुढे तोंड उघडत नाही!

"बशीरभाई," मी म्हटलं, "किल्ली काढा."

"ताई, राहू द्या."

"राहू द्या काय, राहू द्या! उद्या पोरगी सातासमुद्रापार जाईल, मग कोणाला दाखवणार आहात? किल्ली काढा आणि गाडीत बसा. दोघंही."

माझा आवाज काट्यापर्यंत गेला असणार, कारण भोईरदादा वजन सोडून बघत उभे राहिले. बशीरभाईंनी पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून किल्ली काढली. गाडी विचुंब्याला निघाली. मी एफएम लावला आणि लगेच बंदही केला.

खोली साधीच. बाहेर नाव नाही, पाटी नाही. बशीरभाईंनी कुलूप काढलं आणि स्वतः बाजूला झाले.

आत रुकय्याभाभींचं घर होतं. खिडकीशी शिलाई मशीन, सुईत हिरवा दोरा तसाच ओवलेला, खाली अर्धी शिवलेली बाही. दोरीवर ओढण्या. नमाजाची जानमाज घडी करून, त्यावर चष्मा. फळीवर डबे, बरणीत कैरीचं लोणचं पार काळं पडलेलं. दाराशी बायकी चपलांचा जोड. धूळ कणभर नाही. ज्या माणसानं कधी चहाचा कप मागं ठेवला नाही, त्यानं बायकोचा एक दोराही सुईतून काढला नव्हता.

नाझनीन मशीनशी गेली, बाहीला हात लावला आणि तिथंच खाली बसली. "माझा कुर्ता आहे हा," ती म्हणाली. "मीच कापड पाठवलं होतं."

बशीरभाई दारातूनच बोलायला लागले, शब्द शोधत शोधत. "तू लहान होतीस. मी सुट्टी संपवून मस्कतला गेलो की दाराशी माझ्या चपला बघून रडायचीस. रुकय्यानं फोनवर सांगितलं. मग मी निघायच्या आधी सगळं माझं उचलायला लागलो. चपला, वस्तरा, टोपी. म्हटलं, दिसलं नाही तर पोर रडणार नाही. रुकय्या तशी एकाएकी गेली. तू येतेयस कळलं. म्हटलं, तू येण्याआधी सगळं उचलतो. नाहीतर रडशील."

नाझनीन बाही हातात घेऊन बापाकडे वळली.

"अब्बा, चपला होत्या तेव्हा मी रडायचे. तुम्ही त्या न्यायला लागलात, मग मी घरभर शोधत बसायचे. पलंगाखाली, माळ्यावर. रडायला तरी माणसाला काहीतरी लागतं हो."

"मला काय ठाऊक!" बशीरभाई म्हणाले, आणि तो इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडायला लागला. "तू परत विचारलंच नाहीस. मला सांगता येईना. म्हटलं, एकदा विचारेल, मग दाखवीन. तोवर तात्पुरतं इथं ठेवू."

मी लोणच्याची बरणी उचलली आणि बाहेर नळाशी घासत बसले. आत मला जागा नव्हती. आणि डोळ्यांतलं पाणी लपवायला नळासारखी सोय नाही.

नाझनीन त्या रात्री पनवेलच्या घरी राहिली. पोळे खाल्ले. सकाळी मी निरोप द्यायला मोहल्ल्यात गेले तर सामान गाडीत चढलं होतं. तिनं अर्धी बाही, हिरवा दोरा आणि चष्मा घेतला होता, बाकी सगळं परत घरात आणायचं असं बापाला बजावलं होतं. बशीरभाई सवयीनं घरभर फिरून आले, गाडीच्या खिडकीशी वाकले आणि म्हणाले, "तुझं काही राहिलं नाही ना?"

"राहिलंय," नाझनीन म्हणाली. "मुद्दाम ठेवलंय. हात लावायचा नाही."

गाडी गेली तशी आम्ही वर आलो. दाराशी तिच्या चपला होत्या. लाल पट्ट्यांच्या, जरा झिजलेल्या. बशीरभाई त्यांच्यापाशी उभे राहिले. मला वाटलं, आता उचलणार. हात पुढे झालाही होता. मग त्यांनी तो मागे घेतला आणि म्हणाले, "ताई, चहा घेता?"

परवा मी ईदनिमित्त त्यांच्याकडे गेले होते. शिरखुर्मा या वेळी बसून खाल्ला, आणि मी नेलेला चकलीचा डबा त्यांनी ठेवून घेतला, "सावकाश देईन" म्हणाले. मी निघाले तेव्हा ते फरशी पुसायला घेत होते. दाराशी आले, लाल चपला एकेक करून उचलल्या, खालची जागा पुसली, वाळेपर्यंत चपला हातात धरून उभे राहिले आणि होत्या तशा परत ठेवल्या. उजवी जराशी तिरकी पडलेली होती. ती त्यांनी तिरकीच ठेवली.